आराखडा नागपूरचा, जुळणी परगावची

ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवरील पातळीदर्शक, विहिरीवरील पंपाचा ऑटोस्विच, रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी लावणारा आणि पहाटे मालवणारा नियंत्रक ही उपकरणे आता ग्रामीण भागातही नवलाची राहिलेली नाहीत. यांपैकी कोणत्याही उपकरणाचे झाकण उघडले तर आत बहुधा हिरव्या रंगाची एक पाटी आणि तीवर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे सुटे भाग दिसतात. या पाटीस सर्किट बोर्ड म्हणतात. उपकरणाची सारी करामत या बोर्डावर अवलंबून असते. बोर्ड बिघडला म्हणजे टाकी भरून वाहते, पंप कोरडा चालून जळतो, आणि दुरुस्तीसाठी ज्याला बोलवावे तो पुरवठादार पुष्कळदा सापडत नाही.

नागपूर विभागात अशा उपकरणांचा आराखडा तयार करू शकणाऱ्या तरुणांची वाण नाही. १९६० साली सुरू झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (आजची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था), शासकीय तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांमधून दरवर्षी इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी बाहेर पडतात. येथीलच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९७६ साली झाली, गुलाबी बोंडअळीच्या पतंगांवर पाळत ठेवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला कामगंध सापळा विकसित केला आहे. शेतात उभ्या राहणाऱ्या अशा साधनाच्या पोटातही सर्किट बोर्डच असतो. तथापि, आराखडा तयार होणे आणि त्याबरहुकूम शंभर बोर्ड हाती येणे यांत एक टप्पा आहे, आणि अनेक चांगल्या कल्पना या टप्प्यावर अडखळतात. आराखडा करणारा नागपुरात असतो. भाग बसविणारे यंत्र बंगळुरूस, गुजरातेत किंवा चीनमधील शेन्झेन शहरात असते. यंत्रापाशी उभे राहून 'हा भाग असा नव्हे, तसा' असे सांगण्याची सोय नसते. जे सांगावयाचे ते फाइलींच्या द्वारे सांगावे लागते. या फाइली कोणत्या, त्या कारखान्याच्या नमुन्यात कशा बसवावयाच्या आणि त्यात चुका कोठे होतात, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा विचार आहे.

नकाशा, यादी आणि जागा

महसूल खात्याचा परिचय असलेल्या वाचकांना ही व्यवस्था समजण्यास अवघड जाऊ नये. गावाचा नकाशा वेगळा, जमिनीच्या नोंदीचा उतारा वेगळा. दोहोंतील गट क्रमांक जुळले तरच व्यवहार पुरा होतो. सर्किट बोर्डाचेही तसेच आहे. कारखान्याकडे सामान्यतः तीन प्रकारची कागदपत्रे पाठविली जातात. पहिला प्रकार म्हणजे तांब्याच्या वाटा, छिद्रे व छपाई दाखविणारे नकाशे. दुसरी, सुट्या भागांची यादी. कोणता भाग, कोणत्या मोलाचा आणि किती. तिसरी स्थान-यादी, म्हणजे प्रत्येक भाग बोर्डावर नेमका कोठे, कोणत्या बाजूस आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसवावयाचा याचा तक्ता. तिन्हींना जोडणारा दुवा म्हणजे भागाचा क्रमांक. रोधकांना आर१, आर२, धारित्रांना सी१, सी२ आणि एकात्मिक मंडलांना, म्हणजेच बोलीभाषेतील आयसींना, यू१, यू२ असे क्रमांक देण्याचा प्रघात आहे.

यांपैकी नकाशांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. गर्बर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यातील फाइली जगातील बहुतेक सर्व कारखाने स्वीकारतात. हे नाव जोसेफ गर्बर या संशोधकावरून पडले. व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेले गर्बर नाझी राजवटीतून सुटून १९४० साली अमेरिकेत आले, आणि पुढे त्यांच्या कंपनीने प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर रेखाटन करणारी यंत्रे तयार केली. त्या यंत्रांना द्यावयाच्या आज्ञांचा नमुना पुढे सर्वमान्य झाला. १९९८ साली त्याची विस्तारित आवृत्ती आली. आता बेल्जियममधील युकॅम्को ही संस्था हा नमुना सांभाळते. छिद्रांसाठी एक्सेलॉन नावाचा असाच एक जुना आणि रुळलेला नमुना आहे.

भागांची यादी आणि स्थान-यादी यांना मात्र असे भाग्य लाभलेले नाही. सर्व माहिती एकाच फाइलीत सामावून घेणारे आयपीसी-२५८१ सारखे नमुने उपलब्ध आहेत. २०२० साली गर्बर नमुन्यातही सुट्या भागांच्या माहितीची सोय करण्यात आली. पण लहान संख्येने बोर्ड जुळवून देणारे कारखाने आजही साधा, स्वल्पविरामांनी रकाने विभागलेला तक्ता मागतात, आणि त्या तक्त्याचे रकाने प्रत्येकाचे निराळे असतात.

उदाहरण घेऊ. कीकॅड ही विनामूल्य संगणक-प्रणाली आज आराखड्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. फ्रान्समधील जाँ-पिएर शारास यांनी ती १९९२ साली लिहावयास घेतली. पुढे सर्न या युरोपीय अणुसंशोधन केंद्राने तिच्या विकासास हातभार लावला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने तयार केलेल्या ई-सिम या प्रणालीतही कीकॅडचा उपयोग केलेला आहे. कीकॅडमधून निघणाऱ्या स्थान-यादीत सात रकाने असतात: रेफ, व्हॅल, पॅकेज, पॉसएक्स, पॉसवाय, रॉट आणि साइड. शेन्झेन येथील जेएलसीपीसीबी या कारखान्यास हीच माहिती डेझिग्नेटर, मिड एक्स, मिड वाय, लेअर आणि रोटेशन अशा मथळ्यांखाली हवी असते. (हे मथळे प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात.) मोल आणि आवेष्टन हे रकाने स्थान-यादीतून वगळून भागांच्या यादीत घालावयाचे, आणि तेथे प्रत्येक भागापुढे कारखान्याच्या भांडारातील क्रमांक लिहावयाचा. दुसऱ्या कारखान्याकडे गेल्यास मथळे पुन्हा बदलतात.

मथळे बदलणे हे काम क्षुल्लक वाटेल, आणि ते आहेही. एखादा मथळा चुकला तर कारखान्याचा संगणक फाइल नाकारतो आणि चूक तेथेच उघडी पडते. खरी अडचण त्या चुकांची आहे ज्या फाइल न नाकारता स्वीकारल्या जातात.

बोर्डाचा शून्य मैल

नागपूरकरांना शून्य मैलाचा स्तंभ ठाऊक आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित असलेल्या आणि १९०७ साली उभारलेल्या या ठिकाणच्या दगडी खांबावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. अंतर कोठून मोजले हे एकदा ठरल्याखेरीज अमुक गाव इतक्या मैलांवर आहे या विधानास अर्थ राहत नाही. बोर्डावरील प्रत्येक भागाची जागाही अशीच एका आरंभबिंदूपासून मोजलेली असते. हा बिंदू कोणता, हे स्थान-यादीत लिहिलेले नसते. ते गृहीत धरलेले असते.

कीकॅडमध्ये आपण काहीच न ठरविल्यास आरंभबिंदू ज्या कागदावर आराखडा काढला त्या कागदाचा वरचा डावा कोपरा असतो. बोर्ड मात्र कागदाच्या मध्यभागी कोठेतरी काढलेला असतो. समजा, बोर्डाचा खालचा डावा कोपरा त्या बिंदूपासून उजवीकडे १२०.६५ आणि खाली ११८.११ मिलिमीटरवर आहे, आणि यू१ हा भाग उजवीकडे १४८.५९ व खाली ९७.७९ मिलिमीटरवर आहे. कारखान्यास हवी असते ती बोर्डाच्या कोपऱ्यापासूनची जागा. ती उजवीकडे २७.९४ आणि वर २०.३२ मिलिमीटर इतकी येते. वजाबाकी शाळकरी आहे. पण ती प्रत्येक भागासाठी हाताने करीत बसू नये. आराखड्यातच बोर्डाच्या कोपऱ्यावर आरंभबिंदू रोवावा, आणि गर्बर नकाशे, छिद्रांची फाइल व स्थान-यादी या तिन्ही त्याच बिंदूपासून काढाव्यात, हा मार्ग निर्धोक आहे. नकाशा एका बिंदूपासून आणि यादी दुसऱ्या बिंदूपासून निघाली तर सर्वच भाग सारख्या अंतराने सरकतात. सुदैवाने ही चूक कारखान्याच्या पडद्यावर चटकन दिसते, कारण भाग बोर्डाच्या बाहेर हवेत तरंगताना दिसतात. सरक एक-दोन मिलिमीटरचीच असेल तर मात्र ती नजरेतून निसटू शकते.

एककांचेही भान ठेवावे लागते. वरील २७.९४ मिलिमीटर म्हणजे बरोबर १.१ इंच. यादी इंचांत निघाली आणि यंत्राने ती मिलिमीटर समजून वाचली तर सारे भाग एका कोपऱ्यात गोळा होतील. सुट्या भागांच्या आकाराच्या नावांत तर अधिक फसवा घोटाळा आहे. '०६०३' हे नाव इंचांच्या पद्धतीत सुमारे १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद भागाचे आहे. मेट्रिक पद्धतीत तेच नाव ०.६ बाय ०.३ मिलिमीटरच्या भागाचे आहे. एकच नाव आणि दोन आकार! मागणी नोंदविताना कोणती पद्धत अभिप्रेत आहे हे स्पष्ट लिहिले नाही तर बोर्डावरच्या जागेस न बसणारा भाग विकत घेतला जातो.

खालच्या बाजूच्या भागांविषयी दोन शब्द. बोर्ड उलटा केला की डावे ते उजवे होते. काही प्रणाली खालच्या बाजूचे भाग वरून आरपार पाहिल्याप्रमाणे मोजतात, तर काही यंत्रांना बोर्ड उलटून पाहिल्याप्रमाणे मोजलेली यादी हवी असते. कीकॅडमध्ये याकरिता खालच्या बाजूची आडवी अंतरे ऋण करण्याची सोय दिलेली आहे. ती वापरावयाची की नाही हे कारखान्याकडून अगोदर लेखी विचारून घ्यावे. खर्चाचा विचार करताही लहान बोर्डाचे सर्व भाग एकाच बाजूस बसतील असा आराखडा करणे श्रेयस्कर, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

फिरविण्याचा कोन

आता सर्वांत त्रासदायक बाबीकडे वळू. भाग कोठे बसवावयाचा हे कळले तरी तो किती अंशांत फिरवून बसवावयाचा हे यंत्रास सांगावे लागते. यंत्राचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहिले म्हणजे यातील खुबी ध्यानी येईल.

सुटे भाग कारखान्यात कागदी किंवा प्लास्टिकच्या लांब फितीत येतात. फितीत ओळीने खाचे असतात आणि प्रत्येक खाच्यात एक भाग. फीत चाकावर गुंडाळलेली असते. बोर्डावर प्रथम पातळ पत्र्याच्या चाळणीतून कथलाचा लगदा छापला जातो. त्यानंतर यंत्राची पोकळ चोच हवेच्या ओढीने फितीतील भाग उचलते, कॅमेरा त्याकडे पाहतो, चोच ठरलेल्या कोनात फिरते आणि भाग लगद्यावर ठेवते. शेवटी बोर्ड भट्टीतून जातो. शिसेविरहित मिश्रधातूचा लगदा सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, आणि थंड झाल्यावर भाग पक्के होतात. बोर्ड नेमका कसा पडला आहे हे यंत्रास कळावे म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यांजवळ तांब्याचे गोल ठिपके ठेवतात. मोजणी करणाऱ्यास हद्दीचे दगड जसे उपयोगी, तसे यंत्रास हे ठिपके.

प्रश्न असा की, 'शून्य अंश' म्हणजे भागाचे तोंड कोणीकडे? आराखडा करणाऱ्याच्या संग्रहात, उदाहरणार्थ, आयसीचा पहिला पाय वरच्या डाव्या कोपऱ्यास असेल तर ते शून्य. कारखाना मात्र आपल्या संग्रहात तोच भाग फितीत जसा पडलेला असतो त्या स्थितीस शून्य धरू शकतो. आयपीसीच्या प्रमाणपद्धतीतही याबाबत दोन पर्याय नोंदलेले आहेत, एकात पहिला पाय वर आणि दुसऱ्यात खाली. परिणामी, आराखड्यातील शून्य अंश कारखान्याच्या लेखी दोनशे सत्तर अंश असू शकतात. याकरिता प्रत्येक प्रकारच्या आवेष्टनापुढे दुरुस्तीचा कोन लिहिलेला तक्ता ठेवावा लागतो: या आवेष्टनास १८० मिळवा, त्या आवेष्टनास २७०. यादी निघाली की प्रत्येक भागाच्या कोनात ही दुरुस्ती मिळवावयाची, आणि बेरीज ३६० वा अधिक झाल्यास त्यातून ३६० वजा करावयाचे.

एका सर्वपरिचित आयसीचे उदाहरण घेऊ. एलएम३५८ हा आठ पायांचा भाग संवेदकांच्या मंडलात नेहमी वापरला जातो. त्याच्या चौथ्या पायास ऋण टोक आणि आठव्या पायास धन टोक जोडतात. समजा, आराखड्यात त्याचा कोन शून्य आहे आणि कारखान्यासाठी दुरुस्ती २७० अंशांची आहे. यादीत २७० लिहिले की काम झाले. दुरुस्ती करावयाची राहून गेली तर भाग पाव फेऱ्याने चुकीचा बसतो. पाय जागेवर येत नाहीत, आणि डोळ्यांनीही ते दिसते. पण समजा, दुरुस्ती १८० अंशांची आहे, आपण ती करून पाठविली, आणि कारखान्यातील तंत्रज्ञानेही, ही यादी कच्ची आहे असे समजून, आपल्याकडील तक्त्याप्रमाणे पुन्हा १८० अंश मिळविले. १८० आणि १८० मिळून ३६०. त्यातून ३६० गेले की उरते शून्य. भाग बरोबर उलटा बसतो. अर्ध्या फेऱ्याने उलटलेला आठ पायांचा आयसी आपल्या आठही जागांवर तंतोतंत बसतो. पाय नीट, डाख नीट, काहीच वावगे दिसत नाही. पहिला पाय पाचव्याच्या जागी गेलेला असतो आणि चौथा आठव्याच्या. म्हणजे वीजपुरवठा नेमका उलटा! बोर्डास वीज जोडताक्षणी भाग तापतो आणि जातो, आणि तोही एका बोर्डावर नव्हे तर संपूर्ण खेपेत.

म्हणून दुरुस्ती कोणी करावयाची, आपण की कारखान्याने, हे ठरवून ते यादीसोबतच्या टिपेत लिहिणे यास मी आकडेमोडीइतकेच महत्त्व देतो. अनुभवी कारखाने भाग बसविण्यापूर्वी संगणकावर चित्र दाखवितात. त्या चित्रात प्रत्येक आयसीच्या पहिल्या पायाचा ठिपका आणि बोर्डावरील छापील खूण एकमेकांशी जुळते का, हे एक एक भाग घेऊन पाहावे. प्रकाश देणारे डायोड आणि ध्रुवता असलेली धारित्रे यांचीही अशीच तपासणी करावी. अर्धा तास जातो, पण तो वाया जात नाही.

कोनाच्या दिशेचीही एक गोष्ट आहे. कीकॅड कोन डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतो. काही यंत्रे तो काट्यांच्या दिशेने मोजतात. बोर्डावरील सर्व भाग शून्य किंवा १८० अंशांत असतील तर हा फरक लक्षातच येत नाही, कारण दोन्ही दिशांनी उत्तर तेच येते. मग दुसऱ्या आराखड्यात कोठेतरी ९० अंशांचा भाग येतो आणि 'मागच्या वेळी तर सर्व ठीक होते' असे म्हणण्याची पाळी येते.

यादीतील रिकाम्या जागा

भागांच्या यादीबाबत निराळ्या प्रकारची दक्षता हवी. आराखड्यात धारित्रापुढे '१०० मायक्रोफॅरड' एवढेच लिहिलेले असते. मंडल समजण्यास ते पुरेसे आहे, खरेदीस नाही. किती व्होल्टचे, कोणत्या आकाराचे आणि किती तापमानापर्यंत टिकणारे, हे न लिहिल्यास कारखाना भांडारात असेल ते बसवितो, आणि त्यास दोष देता येत नाही.

नागपूरच्या संदर्भात तापमानाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. खांबावर बसविलेल्या बंद पेटीच्या आत उन्हाने तापमान त्याहून पुष्कळ वाढते. विद्युत्-अपघटनी धारित्रे साधारणतः ८५ अंशांची व १०५ अंशांची अशा दोन प्रतींत मिळतात, आणि अशा धारित्राचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. दोन्ही प्रतींचे मोल आणि आकार एकच असू शकतो. किमतीतील फरकही किरकोळ. यादीत '१०५ अंश' हे शब्द नसले तर बोर्ड प्रयोगशाळेत उत्तम चालतो आणि उन्हाळ्यात मान टाकतो. मे २०२४ अखेर नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस अशी नोंद केली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पुढे ती नोंद संवेदकातील बिघाडामुळे झाल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनांकडून येथे किती कठीण सेवेची अपेक्षा असते, याची कल्पना यावरून यावी.

यादी तयार करताना बहुतेक जण संगणकावरील तक्ता-प्रणाली वापरतात. कार्यालयात ही प्रणाली वापरणाऱ्यांना तिचा आगाऊपणा परिचित असेलच. '०४०२' लिहिले की ती आरंभीचे शून्य गाळून '४०२' करते. '१-२' अशी नोंद दिसली की तिची तारीख करून टाकते. 'सी१, सी२, सी३' असे अनेक क्रमांक एका घरात असतील आणि भोवती अवतरणचिन्हे नसतील तर प्रत्येक स्वल्पविरामागणिक नवा रकाना सुरू होतो. मायक्रो आणि ओहम यांची ग्रीक चिन्हे एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना विद्रूप होतात. यावर उपाय म्हणजे सर्व रकाने मजकूर म्हणूनच उघडणे, आणि ग्रीक चिन्हांऐवजी साधी रोमन अक्षरे वापरणे.

काही भाग आराखड्यात असतात परंतु बसवावयाचे नसतात; चाचणीसाठी किंवा पुढील सोयीसाठी जागा सोडलेली असते. त्यांवर आराखड्यातच तशी खूण करावी, म्हणजे ते दोन्ही याद्यांतून आपोआप वगळले जातील. एका यादीत आहे आणि दुसरीत नाही असा भाग निघाला की कारखान्याचे काम थांबते आणि पत्रव्यवहार सुरू होतो.

हे सर्व बदल हाताने करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आराखडा क्वचितच एका फेरीत पुरा होतो. दर फेरीस यादी नव्याने निघते आणि मागील फेरीत हाताने केलेल्या दुरुस्त्या मागेच राहतात. त्यापेक्षा रकान्यांची नावे, कोनांची दुरुस्ती आणि वगळावयाचे भाग हे नियम एकदाच एका छोट्या आज्ञावलीत लिहून ठेवावेत. पायथन या संगणक-भाषेत हे काम शंभरएक ओळींत होते, आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यास ते सहज जमण्यासारखे आहे. कीकॅडसाठी अशी तयार साधनेही विनामूल्य मिळतात. मात्र त्यांतील कोनांचे तक्ते डोळे मिटून स्वीकारू नयेत.

शाळेत आणि पंचायतीत

शिक्षकांना हा विषय संगणकाशिवायही शिकविता येईल. आलेख-कागदावर एक चौकट आखावी, पुठ्ठ्याचे आठ-दहा तुकडे कापून प्रत्येकाच्या एका कोपऱ्यास ठिपका द्यावा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने ते तुकडे चौकटीत मांडून प्रत्येकाची आडवी-उभी अंतरे आणि कोन यांची यादी करावी. दुसऱ्या गटाने मांडणी न पाहता केवळ यादीवरून ती पुन्हा रचावी. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवल्या की आरंभबिंदू, एकक आणि कोनाची दिशा यांपैकी काय सांगावयाचे राहिले, हे मुलांना स्वतःच उमगते. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असल्यास पुढची पायरी म्हणून कीकॅडवर लहानसा बोर्ड आखता येईल. फॉसी प्रकल्पाने ई-सिम शिकण्यासाठीचे साहित्य विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहे.

ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि शासकीय कार्यालये यांचा या विषयाशी संबंध खरेदीच्या निमित्ताने येतो. सुट्या भागांपासून बोर्डांपर्यंतचे उत्पादन देशात वाढावे यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून बोर्ड जुळविणारे कारखाने जवळ येतील तेव्हा येतील. आज हाती असलेले साधन म्हणजे खरेदीच्या अटी. एखाद्या संस्थेकडून खास आपल्या गरजेसाठी उपकरण तयार करून घेतले जाते, तेव्हा उपकरण ताब्यात येते आणि त्याची कागदपत्रे पुरवठादाराकडेच राहतात. दोन वर्षांनी तो व्यवसाय बंद झाला की शंभर रुपयांच्या भागासाठी संपूर्ण यंत्रणा मोडीत निघते. याउलट, फाइली कार्यालयाच्या दप्तरी असतील तर त्याच आराखड्याचे बोर्ड दुसऱ्या कोणत्याही कारखान्याकडून जुळवून घेता येतात.

तेव्हा असे उपकरण तयार करून घेताना करारात पुढील बाबी मागून घ्याव्यात: मूळ आराखड्याची फाइल, गर्बर नकाशे, छिद्रांची फाइल, भागांची संपूर्ण यादी आणि स्थान-यादी. नियंत्रक आयसीत भरावयाची आज्ञावलीही त्यासोबत हवी, कारण तिच्याशिवाय नवा बोर्ड मुका राहतो. यांबरोबर एक पानाची टीप असावी. तीत आरंभबिंदू कोणता, एकक कोणते, कोन कोणत्या दिशेने मोजले, खालची बाजू कशी मोजली, आणि कोनांची दुरुस्ती कोणत्या कारखान्यासाठी केलेली आहे किंवा केलेलीच नाही, हे लिहिलेले असावे. पुरवठादाराने मूळ आराखडा देण्यास नकार दिल्यास, निदान ही टीप आणि बाकीच्या फाइली घेतल्याखेरीज अखेरचे देयक मंजूर करू नये. फाइलींच्या नावात असलेला आवृत्ती क्रमांक बोर्डावरही पांढऱ्या छपाईत हवा. तपासणी अधिकाऱ्यास पेटी उघडून तो वाचता येतो, आणि दप्तरातील फाइली याच बोर्डाच्या आहेत की मागच्या आवृत्तीच्या, हे जागेवरच ठरविता येते.